पाणी थांबतं, धातू उतरतो

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला अँडीजच्या रांगा सुमारे सात हजार किलोमीटर दक्षिणोत्तर पसरल्या आहेत. पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट खंडाखाली घुसत राहिला, त्या रेट्याने हे पर्वत उचलले गेले आणि त्याच उलथापालथीत चांदी, तांबं, कथील, जस्त खोलातून वर आलं. बोलिव्हियाच्या अक्षांशावर या पर्वताच्या दोन रांगा एकमेकींपासून फाकतात. मधे जे पठार उरतं ते अल्तिप्लानो. तिबेट सोडलं तर एवढं उंच आणि एवढं विस्तीर्ण पठार जगात दुसरं नाही. इथे पडलेला पाऊस कुठल्याच समुद्राला मिळत नाही. तितिकाका सरोवरातून निघालेली देसाग्वादेरो नदी दक्षिणेकडे पोओपो सरोवरात जाते आणि तिचं पाणी तिथे उन्हात आटून जातं. २०१५च्या अखेरीस तर हे सरोवरच कोरडं पडलं.

पाणी असं वरच थांबतं. धातू मात्र पावणेपाचशेहून अधिक वर्षं समुद्राकडे उतरतो आहे. मला बोलिव्हिया या उताराच्या वाटेने बघायचा होता. एल आल्तोहून निघायचं, पोतोसी आणि उयुनीवरून आताकामा वाळवंटात उतरायचं आणि चिलीच्या आन्तोफागास्ता बंदराशी थांबायचं, असा बेत होता. या खंडाचं राजकारण राजधान्यांपेक्षा अशा वाटांवर जास्त कळतं, असं मला आधीपासून वाटायचं. आता त्याची खात्री आहे.

एल आल्तोचा विमानतळ ४,०६१ मीटर उंचीवर आहे. हवा इतकी विरळ, की विमानांना उड्डाणासाठी लांबच लांब धावपट्टी लागते आणि नव्याने आलेल्या माणसाला चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. कोकाच्या पानांचा गरम चहा पीत पहिला दिवस काढायचा, जेवण बेताचं घ्यायचं आणि घाई कशाचीच करायची नाही, हा इथला शिरस्ता. पठाराच्या कडेवर उभं राहिलं की खाली प्रचंड खोलगट दरीत ला पाझ दिसतं आणि पलीकडे ६,४३८ मीटरचं बर्फाच्छादित इयिमानी शिखर. या शहरात श्रीमंती उताराला आहे. सर्वांत सुखवस्तू वस्त्या सर्वांत खाली, जिथे हवा दाट आणि थंडी कमी. चढत जावं तसं घरांच्या विटांना गिलावा नसतो. २०१४ पासून या दोन टोकांना रोपवेने जोडलं आहे. जगात क्वचितच कुठे रोपवे ही शहराची रोजची वाहतूक झाली असेल. इथे तो लोकलगाडीसारखा वापरला जातो. शाळेची मुलं, गाठोडी घेतलेल्या आयमारा बायका, कचेरीतले लोक एकाच डब्यात बसतात. निळ्याशार आभाळात लटकून खालच्या छपरांकडे बघताना मी दर वेळी खिडकीशीच बसले.

ही कड राजकारणाची जागा आहे. १७८१ मध्ये आयमारा बंडखोर तुपाक कातारी आणि त्याची पत्नी बार्तोलिना सिसा यांनी इथूनच खालच्या स्पॅनिश शहराला वेढा घातला. रस्ते अडवले, अन्न तोडलं. शहरात हजारो माणसं उपासमारीने आणि रोगराईने मेली. शेवटी वेढा उठला, कातारीला चार घोड्यांना बांधून फाडून मारण्यात आलं. पुढच्या वर्षी सिसालाही ठार केलं. वर राहणाऱ्यांनी रस्ते अडवले की खालचं शहर गुदमरतं, हे ज्ञान मात्र मेलं नाही.

ऑक्टोबर २००३ मध्ये ते पुन्हा वापरलं गेलं. दक्षिणेकडच्या तारिखा प्रांतात नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले होते. तो वायू नळाने चिलीच्या बंदरात न्यायचा, तिथे द्रवरूप करून उत्तर अमेरिकेला विकायचा, अशी राष्ट्राध्यक्ष गोन्सालो सांचेस दे लोसादा यांच्या काळातली योजना होती. एल आल्तोने रस्ते बंद केले. इंधनाचे टँकर खाली नेण्यासाठी सैन्य आलं, गोळीबार झाला, साठाहून अधिक माणसं मारली गेली. १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला आणि ते अमेरिकेला निघून गेले. त्या आंदोलनाच्या लाटेवर पुढे एव्हो मोरालेस डिसेंबर २००५ची निवडणूक जिंकले. आयमारा घरात जन्मलेला, कोका पिकवणाऱ्यांच्या संघटनेतून आलेला हा देशाचा पहिला मूलनिवासी राष्ट्राध्यक्ष. १ मे २००६ रोजी त्यांनी वायूक्षेत्रं सरकारच्या ताब्यात घेतली. २००९च्या राज्यघटनेने देशाचं नाव ‘बहुराष्ट्रीय राज्य’ केलं आणि स्पॅनिशबरोबर ३६ मूलनिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला.

वायू विकायला विरोध का झाला, हा प्रश्न बाहेरच्याला पडतोच. गरीब देश, पैसा हवा, ग्राहक तयार. मग अडवायचं कशासाठी? एल आल्तोतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला बोट दाखवून एवढंच म्हटलं की पोतोसीला चालला आहात ना, तिथे बघा. ते स्वतः पूर्वी कथलाच्या खाणीत कामाला होते.

एल आल्तोत असे पुष्कळ. १९५२च्या क्रांतीने पातिन्यो, होखशिल्ड आणि आरामायो या तीन कथीलसम्राटांच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या, सर्वांना मतदानाचा हक्क दिला, पुढच्या वर्षी जमीनवाटप सुरू केलं. त्या क्रांतीचे नेते होते व्हिक्तोर पास एस्तेन्सोरो. हेच गृहस्थ १९८५ मध्ये पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा महागाई अफाट भडकलेली होती आणि त्याच वर्षी कथलाचा भाव कोसळला. त्यांनीच काढलेल्या २१०६० क्रमांकाच्या हुकुमानंतर सरकारी खाणींतले वीस हजारांहून अधिक कामगार घरी गेले. आपल्याच हातांनी उभारलेलं मोडायची वेळ एका माणसावर आली. त्यातले बरेच कामगार एल आल्तोत येऊन वसले आणि येताना संघटना करायची रीत बरोबर घेऊन आले. २००३ मध्ये चौकाचौकात ज्या समित्या उभ्या राहिल्या, त्यांना ती शिस्त कुठून आली याचं उत्तर इथे मिळतं.

मी गेले तेव्हा २०२५चा हिवाळा होता. देशाला स्वतंत्र होऊन ६ ऑगस्टला दोनशे वर्षं पूर्ण होणार होती आणि निवडणुकीचा प्रचार रंगात आला होता. पेट्रोलपंपांपुढे मालमोटारींच्या रांगा लागलेल्या. डिझेल आयात करायला डॉलर नव्हते, कारण ज्या वायूवर मोरालेस यांच्या काळात शाळा, रस्ते, निवृत्तिवेतनं उभी राहिली, त्याचं उत्पादन घटत गेलं आणि नव्या विहिरी पुरेशा खोदल्या गेल्या नाहीत. मोरालेस आणि त्यांचेच पूर्वीचे अर्थमंत्री, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लुइस आर्से यांच्यातल्या भांडणाने त्यांचा पक्ष दुभंगला होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत रोद्रिगो पास निवडून आले आणि त्या पक्षाची जवळपास वीस वर्षांची सद्दी संपली. बोलिव्हियाचा दोन तृतीयांश भाग अँडीजच्या पूर्वेला, सखल आणि उष्ण आहे. सांता क्रूसचा सोयाबीन-गुरांचा प्रदेश तिकडेच आहे. पण तो वेगळा प्रवास आहे, तो स्वतंत्रपणे करायला हवा.

ला पाझहून पोतोसीला रात्रीची बस जाते. पहाटे उतरताना पहिल्यांदा दिसतो तो डोंगर: सेरो रिको, श्रीमंत डोंगर. तांबूस, शंकूच्या आकाराचा, सुमारे ४,८०० मीटर उंच, अंगावर झाडाचं नाव नाही. १५४५ मध्ये तिथे चांदीच्या शिरा स्पॅनिशांना सापडल्या. सतराव्या शतकाच्या आरंभी चार हजार मीटर उंचीवरच्या या वैराण जागी सुमारे दीड लाख माणसांचं शहर होतं. जिथे सातूसुद्धा जेमतेम पिकतं तिथे रेशीम, चिनी भांडी, फ्लँडर्सचं कापड विकलं जात होतं.

वरच्या थरातलं समृद्ध खनिज पहिल्या पंचवीसेक वर्षांत संपत आलं. पोतोसी तेव्हाच विझलं असतं. ते पुढे चाललं ते पेरूचे व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो यांनी १५७०च्या दशकात बसवलेल्या यंत्रणेमुळे. तिचे तीन भाग होते. हलक्या प्रतीच्या खनिजातून पाऱ्याच्या साहाय्याने चांदी काढायची. तो पारा पेरूतल्याच वांकावेलिका खाणीतून यायचा. खनिज कुटायला पाणचक्क्या हव्यात, म्हणून शहराच्या वरच्या डोंगरांत तळी बांधून कालवा काढायचा. आणि माणसं? त्यासाठी ‘मिता’. इंका राज्यातही पाळीपाळीने राजाचं काम करायची रीत होती. तोलेदोंनी तिचं नाव ठेवलं आणि आशय बदलला. सोळा प्रांतांतल्या प्रौढ पुरुषांपैकी सातव्या हिश्शाने दर वर्षी पोतोसीला यायचं. सुरुवातीला हा आकडा तेरा हजारांच्या घरात होता. माणसं बायकापोरांसह, लामांवर सामान लादून, कित्येक आठवडे चालत यायची. बरोबर शिदोरी असायची चुन्योची: रात्रीच्या गोठणाऱ्या थंडीत आणि दिवसाच्या कडक उन्हात वाळवलेला, वर्षानुवर्षं टिकणारा काळसर बटाटा. कितीतरी गावं या पाळीला कंटाळून ओस पडली, कारण नोंदीतलं गाव सोडून परक्या गावी राहिलं की मितातून सुटका व्हायची. अडीचशे वर्षं ही पद्धत टिकली. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ती मोडली.

१६२६ मध्ये वरच्या तळ्यांपैकी सान इल्देफोन्सोचा बांध फुटला आणि लोंढ्याने चक्क्या आणि वस्त्या वाहून गेल्या. ती तळी अजून आहेत. मी त्यांच्या काठाने चालले. वारा बोचरा, पाणी गडद, दगडी भिंती शाबूत. पोतोसीची हकिगत सांगणारे चांदीबद्दल बोलतात, पाण्याबद्दल कमी. पण त्या तळ्यांशिवाय त्या डोंगरातली बहुतेक चांदी डोंगरातच राहिली असती.

शहरातल्या टांकसाळीची इमारत १७७३ मध्ये पुरी झाली. स्पेनहून जहाजाने आणि मग खेचरांवरून आणलेली लाकडी लाटणयंत्रं तिथे जागच्या जागी आहेत. खालच्या मजल्यावर खेचरं गोल फिरायची, वरच्या मजल्यावर चांदीच्या पट्ट्या दाबल्या जायच्या. इथल्या आठ रियालच्या नाण्यांनी जगाचा व्यापार चालवला. चांदी लामांच्या आणि खेचरांच्या तांड्यांवरून आरिका बंदरात उतरायची, तिथून जहाजाने काय्याओला, मग पनामाला, संयोगभूमी ओलांडून अटलांटिकवर आणि सेव्हिलला. तिथेही ती थांबली नाही. मसाल्यासाठी, कापडासाठी, चिनी रेशमासाठी पुढे पूर्वेकडे गेली. सुरतेच्या टांकसाळीत परदेशी रियाल वितळवून मुघल रुपये पाडले जात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी जी सुरत लुटली, तिच्या पेढ्यांवरच्या चांदीत अमेरिकेच्या खाणींचा मोठा हिस्सा होता. इतिहासाच्या तासाला सुरत शिकताना ही चांदी कुठून येते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या डोंगरासमोर उभं राहून मला ते फार आतून जाणवलं.

डोंगर अजून खणला जातो आहे. हजारो खाणकामगार सहकारी संस्थांमधून काम करतात. चांदीपेक्षा आता जस्त आणि शिसं जास्त निघतं. शतकानुशतकं पोखरल्याने माथा खचू लागला आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने पोतोसीला जागतिक वारसा ठरवलं आणि २०१४ मध्ये धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकलं. पूर्वी खाणीत काम केलेल्या एका वाटाड्याबरोबर मी आत गेले. तोंडाशी थंडी, आत शिरावं तसा उकाडा वाढत जातो. एका वळणावर शिंगं असलेली मातीची मूर्ती बसवलेली आहे. हा ‘तिओ’, म्हणजे काका, जमिनीखालच्या धातूचा धनी. त्याच्या ओठांत सिगारेट, मांडीवर कोकाची पानं, पायाशी दारू. बाहेर येशू आणि आत तिओ, अशी श्रद्धेची वाटणी इथल्या माणसाने करून घेतली आहे. दगडाची धूळ फुप्फुसात साचून होणाऱ्या सिलिकोसिसने माणसं ऐन चाळिशीत खंगतात. वाटाड्याने काम त्यामुळेच सोडलं होतं. धाकटा भाऊ अजून आत जातो, असं तो म्हणाला. अशा ठिकाणी पैसे देऊन हिंडावं की नाही, हा प्रश्न मला आतमध्ये पडला आणि बाहेर आल्यावरही सुटला नाही.

दुपारी बाजारात सोपा दे मानी खाल्लं: शेंगदाणे वाटून केलेलं दाटसर सूप, वर तळलेले बटाटे आणि कोथिंबिरीसारखा पाला. शेंगदाणा मुळात याच मुलखातला, दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पायथ्याच्या टापूतला. बटाटाही अँडीजचा. आपल्या उपासाच्या ताटातले हे दोन जिन्नस चांदीच्याच जहाजांच्या काळात जगभर गेले. या खंडाने दिलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही देणगी सर्वांत मोठी वाटते, आणि तिच्यासाठी कोणाला खाणीत उतरावं लागलं नाही.

पोतोसीहून उयुनीचा रस्ता आता डांबरी आहे. लामांचे कळप, वाळक्या गवताचे झुबके, मधूनच पुलाकायो ही जुनी खाणवसाहत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुलाकायोच्या चांदीसाठी आन्तोफागास्ताहून रेल्वे वर आणली गेली आणि १८८९ मध्ये ती उयुनीला पोचली. भांडवल लंडनचं, रूळ धातूसाठी. गावाबाहेर गंजलेल्या वाफेच्या इंजिनांची रांग पडली आहे आणि पर्यटक त्यांवर चढून छायाचित्रं काढतात. खंडातल्या कितीतरी रेल्वे याच आकाराच्या आहेत: खाणीपासून बंदरापर्यंत. एका शहराला दुसऱ्या शहराशी, एका देशाला शेजारच्या देशाशी जोडण्याचा विचार त्यांत फार उशिरा आला. ब्राझीलचं सोयाबीन आणि पेरूचं नवं चांकाय बंदर जोडण्याची चर्चा आज चालू आहे; चीनच्या कंपनीने ते बंदर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलं. तिथेही रेघ समुद्राकडेच जाते.

गावापलीकडे सालार. दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक मिठाचा पत्रा. आपल्या सातारा जिल्ह्याएवढी जागा आणि सगळीकडे पांढरं, सपाट. पूर्वी या पठारावर विशाल सरोवरं होती, ती आटून हे मीठ मागे राहिलं. समुद्राला न मिळालेलं पाणी आपल्याबरोबरचे क्षार इथेच टाकून गेलं. पृष्ठभाग इतका सपाट आहे, की उपग्रहांची उंची मोजणारी उपकरणं त्यावर ताडून बघतात. मिठाच्या कवचाखाली खारं पाणी आहे आणि त्यात लिथियम. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या अंदाजाने बोलिव्हियात दोन कोटी टनांहून अधिक लिथियम आहे. एवढं नोंदलेले देश जगात फार थोडे. आणि तरीही जगाच्या बाजारात बोलिव्हियाचा वाटा नगण्य आहे.

याची एक बाजू रसायनाची. इथल्या पाण्यात मॅग्नेशियमचं प्रमाण फार, ते वेगळं करणं कठीण. पावसाळ्यात सालारवर पाणी साचतं, त्यामुळे बाष्पीभवन मंदावतं. दुसरी बाजू राजकारणाची. १९९०च्या दशकाच्या आरंभी एका अमेरिकी कंपनीशी झालेला करार पोतोसीच्या लोकांनी हाणून पाडला. जर्मन कंपनीबरोबरचा करार नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्द झाला, तोही पोतोसीतल्या आंदोलनामुळे, आणि काही दिवसांतच वादग्रस्त निवडणुकीच्या गदारोळात मोरालेस यांनाही पद सोडावं लागलं. सरकारी कारखाना डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. त्यानंतर रशियन आणि चिनी कंपन्यांशी झालेल्या करारांवरून मी गेले त्या वेळी संसदेत आणि रस्त्यावर भांडण चालू होतं.

बाहेरचे अर्थतज्ज्ञ याला आडमुठेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. डोंगर पोखरून निघालेली चांदी कुठे गेली आणि मागे काय राहिलं, हे घराच्या खिडकीतून रोज दिसत असताना माणूस करारातली रॉयल्टीची टक्केवारी वाचल्याशिवाय सही करणार नाही. पण एक गोष्ट तितकीच खरी, की थांबण्याचीही किंमत असते; वायूचे पैसे आटल्यावर ती किंमत पेट्रोलपंपांच्या रांगांत दिसत होती. सालारच्या काठची क्विनोआ पिकवणारी गावं याहून वेगळा प्रश्न विचारतात. या कारखान्यांना गोडं पाणी लागतं, ते कोणाच्या वाट्याचं?

उयुनीच्या दक्षिणेला लिपेसचा मुलूख जीपने ओलांडावा लागतो. तांबडं पाणी असलेलं लागुना कोलोरादा, त्यात उभे शेकडो फ्लेमिंगो, उकळत्या चिखलाची कुंडं, रात्री हाडं गोठवणारी थंडी. या संरक्षित प्रदेशाला १८७९ मध्ये चिलीशी लढताना पडलेल्या एदुआर्दो आबारोआ यांचं नाव दिलं आहे. सरहद्दीजवळ लागुना व्हेर्देच्या पाठीशी लिकांकाबुर ज्वालामुखी उभा आहे. तो उजवीकडे ठेवला की चिली आणि एकदम डांबरी घाट. तासाभरात दोन हजार मीटर उतरून सान पेद्रो दे आताकामा येतं आणि छाती मोकळी होते.

आताकामा इतकं कोरडं का? पूर्वेचा ओलावा अँडीज अडवतो, पश्चिमेला समुद्राचा थंड हम्बोल्ट प्रवाह हवेला वर चढू देत नाही. किनाऱ्यावर धुकं येतं, पाऊस येत नाही. याच कोरडेपणामुळे जमिनीवरचा नायट्रेटचा क्षार, म्हणजे सोरा, लाखो वर्षं वाहून न जाता टिकला. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शेतांना खत आणि तोफांना दारू हवी होती, दोन्हींसाठी सोरा. वाळवंटाच्या या पट्ट्यात तेव्हा बोलिव्हियाचं राज्य होतं, पण खणणारे मजूर बहुतेक चिलीचे आणि भांडवल चिलीचं आणि इंग्रजांचं.

१८७४च्या तहात बोलिव्हियाने चिलीच्या उद्योगांवर पंचवीस वर्षं नवा कर न लावण्याचं कबूल केलं होतं. १८७७ मध्ये भूकंप आणि त्सुनामीने आन्तोफागास्ताचं मोठं नुकसान झालं, वर पठारावर दुष्काळ पडला. फेब्रुवारी १८७८ मध्ये बोलिव्हियाने सोऱ्याच्या दर क्विंटलमागे दहा सेंटाव्हो कर बसवला. सोरा खणणाऱ्या चिली-इंग्रज भांडवलाच्या कंपनीने तो द्यायला नकार दिला. राष्ट्राध्यक्ष इलारियोन दासा यांच्या सरकारने कंपनीच्या मालमत्तेच्या लिलावासाठी जो दिवस ठरवला, त्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७९ला, चिलीचं सैन्य बंदरात उतरलं. दहा सेंटाव्होंवरून सुरू झालेल्या या युद्धात पेरूही ओढला गेला, लिमा चिलीच्या ताब्यात गेली आणि बोलिव्हियाचा सुमारे चारशे किलोमीटरचा किनारा कायमचा गेला.

कालामाजवळ लोआ नदीवरच्या तोपातेर पुलाशी २३ मार्च १८७९ रोजी दीडशेच्या आतल्या बोलिव्हियन लोकांनी चौपट सैन्याला तोंड दिलं. आबारोआ त्यात पडले. ते सैनिक नव्हते, खाणधंद्यातले नागरिक होते. नदी एवढीशी, काठाने काही झाडं, बाजूला आजचं कालामा. ज्या लढाईने एक देश समुद्राला मुकला ती इतक्या छोट्या ओढ्यावर झाली, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

तिथून थोड्या अंतरावर चुकिकामाता. चार किलोमीटरहून लांब, सुमारे एक किलोमीटर खोल, पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा. ही भूमीही पूर्वी बोलिव्हियाची. विसाव्या शतकात अमेरिकी कंपन्यांनी इथून तांबं नेलं. जुलै १९७१ मध्ये साल्वादोर आयेंदे यांच्या काळात चिलीच्या संसदेने एकमताने तांब्याचं राष्ट्रीयीकरण केलं. दोन वर्षांनी लष्कराने आयेंदेंना उलथवलं, पण सत्तेवर आलेल्या जनरल पिनोशेंनी सरकारी तांबं खासगी केलं नाही. सरकारी तांब्याच्या विक्रीतला दहावा हिस्सा थेट लष्कराला देणारा कायदा तर २०१९ पर्यंत रद्द झाला नव्हता. सालार दे आताकामामधल्या लिथियमचा धंदा मात्र त्या काळात खासगी हातांत गेला आणि चिली जगातला दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक झाला. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल बोरिक यांनी सरकारला त्यात वाटा देणारं धोरण जाहीर केलं. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना प्रश्न एकच आहे. पोचायच्या वाटा उलट आहेत.

आन्तोफागास्तात उतरलं की पायाखाली पुन्हा समुद्रसपाटी. उघडे तपकिरी डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर लांबत गेलं आहे. दक्षिण टोकाला वांचाकाच्या चांदी-कारखान्याचे दगडी अवशेष आहेत; पुलाकायोचं खनिज रेल्वेने उतरवून इथे गाळत. १९०४च्या तहाने बोलिव्हियाने किनाऱ्यावरचा हक्क सोडला; बदल्यात आरिका ते ला पाझ रेल्वे आणि चिलीच्या बंदरांतून मालाला कायमची मोकळी वाट मिळाली. पुढे १९२९च्या तहात पेरू आणि चिलीने आपसांत ठरवलं, की आरिका-ताक्नाचा कुठलाही तुकडा एकमेकांच्या संमतीशिवाय तिसऱ्याला द्यायचा नाही. बोलिव्हियाला उत्तरेतून वाट द्यावी अशी बोलणी १९७५ मध्ये चिलीचे पिनोशे आणि बोलिव्हियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बान्सेर यांच्यात झाली, ती फसली आणि १९७८ मध्ये राजनैतिक संबंध तुटले. बोलिव्हिया २०१३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०१८ रोजी बारा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, की चिलीवर वाटाघाटींचं बंधन नाही.

व्यवहारात बोलिव्हियाचा माल या बंदरातून जातोच. मला प्रत्यक्ष दिसलं ते असं, की किनारा कोणाचा यावर भांडण होतं, पण धातूची किंमत ठरते लांबच्या बाजारात आणि ओझं दोन्हीकडच्या गरिबांवर पडतं. दहाएक वर्षांपूर्वी आन्तोफागास्ताच्या रहिवाशांनी बंदरातल्या खनिजाच्या धुळीविरुद्ध मोठं आंदोलन केलं. शिसं आणि इतर जड धातू बंदरालगतच्या वस्तीत पसरत होते. वर पोतोसीत जी धूळ छातीत जाते, तीच खाली दुसऱ्या रूपात पोचली होती.

धातूच्या मागोमाग माणसंही उतरली आहेत. शहराच्या वरच्या अंगाला, उतारावर, फळ्या आणि पत्र्यांच्या वस्त्यांमध्ये बोलिव्हियाहून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात; बांधकाम, बाजार, घरकाम यांत ती आहेत. त्यांच्या मुलांच्या शाळेत २१ मेला इकीकेच्या नाविक लढाईचा दिवस चिलीच्या झेंड्याखाली साजरा होतो. वर बोलिव्हियात त्यांची मामे-चुलत भावंडं २३ मार्चला समुद्राच्या दिवसाचं संचलन करतात. दोन्ही दिवस १८७९च्याच युद्धातले आहेत.